पं. विष्णू दिगंबर पलुस्कर : दरबाराबाहेर संगीताचा संसार उभारणारा गायक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रीय गायकाच्या उपजीविकेचा मुख्य आधार संस्थानिकांचा दरबार हा होता. राजाची मर्जी असेपर्यंत वेतन, मानधन आणि निवासाची सोय होई. मर्जी ओसरली की कलावंताला दुसरे संस्थान शोधावे लागे. विद्येला मान होता, परंतु विद्या धारण करणाऱ्या गवयाला समाजात प्रतिष्ठा नव्हती. ही परिस्थिती बदलण्यासाठी ज्यांनी आपली गायकी, कमाई आणि प्रकृती पणाला लावली, त्या पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे जीवन हा भारतीय संगीताच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आहे.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार असल्याने स्वर आणि भक्ती यांचा संस्कार घरातच झाला. बालपणी फटाक्याच्या दारूने भाजल्यामुळे त्यांची दृष्टी कायमची अधू झाली आणि शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. उपचारांसाठी मिरजेस आलेल्या या मुलाची सांगीतिक जाण हेरून त्यास पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे सोपविण्यात आले. ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांकडे जाते. मिरज संस्थानच्या आश्रयाखाली विष्णू दिगंबरांनी अनेक वर्षे त्यांच्यापाशी कठोर साधना केली.

मिरजेतीलच एक प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. नगरातील एका समारंभास संस्थानच्या मर्जीतील म्हणून विष्णू दिगंबरांना निमंत्रण आले. त्यांच्या गुरूंना मात्र केवळ गवई असल्यामुळे वगळण्यात आले. ज्याच्या पायाशी बसून विद्या घ्यावी, त्या पुरुषाला समाजाने पंक्तीत स्थान देऊ नये, हे शल्य त्यांच्या मनात खोलवर रुतले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, तेव्हा दुसऱ्या एखाद्या दरबारात पद मिळविणे हे त्यांचे उद्दिष्ट राहिले नव्हते.

बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. या भ्रमंतीत संस्थानिकांपुढे गायन झाले आणि बिदागीही मिळाली. मात्र सौराष्ट्रात त्यांनी सर्वसामान्य श्रोत्यांसाठी अल्प शुल्क ठेवून जाहीर मैफल केली. तिकीट काढून आलेला श्रोता हा कलावंताचा धनी नसतो. तो गायन ऐकण्यासाठी येतो आणि त्याचे मूल्य देतो. आज नित्याची वाटणारी ही व्यवस्था त्या काळी नवी होती. गवयाच्या स्वतंत्र व्यवसायाची बीजे तीत होती.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाश्रयाऐवजी लोकवर्गणी आणि मैफलींचे उत्पन्न यांवर संस्था चालवायची, असा त्यांचा निर्धार होता. गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करून मिळणारी विद्या येथे ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग आणि परीक्षा यांच्या चौकटीत आली. त्यांनी स्वतंत्र स्वरलेखनपद्धती सिद्ध केली, मुद्रणालय काढले आणि संगीत बालप्रकाश, रागप्रवेश यांसारखी क्रमिक पुस्तके प्रसिद्ध केली. स्त्रियांच्या संगीतशिक्षणासही त्यांनी प्रोत्साहन दिले.

त्यांची सर्वांत दूरदर्शी योजना उपदेशक वर्गाची होती. निवडक तरुणांना दीर्घ मुदतीच्या कराराने स्वतःजवळ ठेवून त्यांच्या निवास, भोजन व शिक्षणाचा भार ते वाहत आणि त्यांच्यातून गायक तसेच शिक्षक घडवीत. स्वच्छ पोशाख, निर्व्यसनी वर्तन आणि वेळेची शिस्त यांवर त्यांचा कटाक्ष असे. गवयाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलायची असेल तर आरंभ गवयापासूनच व्हावा, ही त्यामागील धारणा होती.

या धोरणाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. शृंगारिक पदांच्या जागी भक्तिपर रचना आणून संगीताला घरंदाज वळण देताना, ज्या उस्तादांनी आणि पेशेवर गायिकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, त्यांची परंपरा या नव्या प्रतिष्ठेच्या वर्तुळाबाहेर राहिली. सुधारणेचे हे मोल विसरता येत नाही.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालयाची शाखा सुरू झाली आणि लवकरच तेच कार्याचे केंद्र बनले. संस्थेच्या विस्तारासाठी कर्ज काढून सँडहर्स्ट रोडवर भव्य वास्तू उभारण्यात आली. विद्यार्थ्यांचा निर्वाह, छपाई, संगीत परिषदा आणि कर्जाचे हप्ते हा सारा भार अखेर एका गायकाच्या कंठावर होता. मैफलींसाठी सतत दौरे करावे लागत. दौऱ्यांमुळे संस्थेकडे दुर्लक्ष होई आणि तूट भरून काढण्यासाठी पुन्हा दौरे करावे लागत. हे चक्र थांबले नाही. कर्ज फिटले नाही आणि वास्तूचा लिलाव झाला.

या आघातापूर्वीच त्यांचे मन विरक्तीकडे वळले होते. नाशिक येथे रामनाम आधाराश्रम स्थापून ते रामायणाची प्रवचने आणि भजन यांत रमले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत त्यांनी वंदे मातरम् गायले. महात्मा गांधींच्या प्रार्थनासभांतून देशभर पोहोचलेल्या रामधुनेच्या चालीचे श्रेयही त्यांना दिले जाते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकोणसाठ वर्षांचे होते.

वास्तू गेली तरी शिष्य उरले होते. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या विशारद, अलंकार आदी परीक्षा आजही देशभर घेतल्या जातात. पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय सुरू केले. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत अध्यापन व लेखन केले, पं. नारायणराव व्यास यांनी ध्वनिमुद्रिकांद्वारे ख्याल घरोघरी नेला, तर पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे पीठ उभारले. पित्याच्या मृत्यूसमयी अवघ्या दहा वर्षांचे असलेले पुत्र दत्तात्रेय यांना याच शिष्यांनी घडविले. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायलेले डी. व्ही. पलुस्कर पुढे त्या पिढीतील अत्यंत लोकप्रिय गायक ठरले. १९५५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

१९७३ मध्ये भारतीय टपाल खात्याने विष्णू दिगंबरांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. आज शाळेत संगीत शिकविणारा शिक्षक, परीक्षेस बसणारी विद्यार्थिनी आणि तिकीटविक्रीच्या आधारे मैफल करणारा तरुण गायक यांना आपला व्यवसाय स्वाभाविक वाटतो. तो स्वाभाविक वाटावा, यासाठीच कुरुंदवाडच्या या अधू दृष्टीच्या गायकाने आयुष्य वेचले होते.