दीनबंधूकार नारायण मेघाजी लोखंडे

वृत्तपत्रकार म्हटला म्हणजे सभांची वर्णने लिहिणारा व सरकारावर टीका करणारा गृहस्थ, असा आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा समज असतो. या धंद्यातील एक निराळा वर्ग त्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. पेढी, कारखाना, कंपनी यांच्या बंद दाराआड काय चालते, नफा कोठून येतो आणि त्याची खरी किंमत कोण भरतो, याचा शोध घेऊन तो लोकांपुढे मांडणारे हे पत्रकार होत. अमेरिकेत आयडा टार्बेल या विदुषीने १९०२ ते १९०४ या काळात स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेल कंपनीचा कारभार एका मासिकातून क्रमशः उघडकीस आणला, आणि १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडण्याचा निर्णय कायम केला. बाईंची कीर्ती दूरवर पसरली व ती योग्यच आहे. परंतु त्यांच्या लेखमालेच्या वीस वर्षे आधी मुंबईत एका मराठी संपादकाने कापडगिरण्यांच्या बाबतीत अशाच जातीचे काम आरंभिले होते. त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पण ते केवळ रविवारच्या सुटीपुरते. ते संपादक म्हणजे रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे शिकण्याइतकी घरची ऐपत नव्हती. काही काळ रेल्वेच्या कचेरीत व काही काळ टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर म्हणून लागले. आमच्या मते हीच त्यांची खरी शाळा होय. कोठी सांभाळणाऱ्यास गिरणीचे पोट दिसते. माल किती आला, किती खपला, कोणते यंत्र कधी बंद पडले, कोण कामावर आला आणि कोण हात चिरडून घरी गेला, हे त्याच्या कानी रोज पडते. तो मजूर नसतो आणि मालकही नसतो, म्हणून दोघांचेही बोलणे त्यास ऐकू येते. लोखंड्यांनी ते ऐकले व ध्यानात ठेवले.

गिरण्यांचा हा कापूस आपल्यासारख्याच मुलखातून जात असे, हे बुलढाण्याच्या वाचकांनी विसरू नये. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापिली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस येईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे दिवस आले. खामगावचा बाजार तर एवढा मोठा झाला की, केवळ त्याच्यासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा घालण्यात आला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो खुला करण्यास आले. शेतकऱ्याच्या कापसापासून कापडाच्या ठाणापर्यंतची जी लांब साखळी आहे, तिच्या एका टोकास आपण होतो आणि दुसऱ्या टोकास परळ-गिरगावच्या चाळींतून राहणारा मजूर होता. त्या मजुराची हकीकत वऱ्हाडात फारशी कोणी ऐकली नव्हती; मुंबईतही ती ऐकण्याची कोणास हौस नव्हती.

१८७४ साली लोखंडे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात आले. समाजाच्या विचारांचे ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यास काढले होते. पण पैशाअभावी ते चालेना. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईस आणले आणि अखेरपर्यंत चालविले. पत्राचा खप बेताचाच होता. तथापि त्या काळी सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा गोषवारा इंग्रजीत करवून दर आठवड्यास अधिकाऱ्यांकडे पाठवीत असे. म्हणजे जे पत्र गिरणीचा मालक हातीही धरीत नसे, त्यातील मजकूर सरकारी टेबलावर जाऊन पडे. छोट्या पत्राच्या संपादकास हा मोठाच आधार होता.

आणि त्या मजकुरात काय असे? गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. काम पहाटे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. म्हणून हिवाळ्यात दिवस आखूड आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. दुपारी भाकरी खाण्यास ठराविक सुटी नाही. साचा चालू असतानाच दोन घास पोटात ढकलावयाचे. आठवड्याची सुटी नाही. सणाची मिळाली तरी अर्धा दिवस यंत्रे पुसण्यात जाई. महिन्याचा पगार पुढील महिना उलटून गेला तरी हाती येत नसे, आणि तोवर वाण्याचे व सावकाराचे व्याज वाढत राही. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल कित्येक गिरण्यांत होती. तिला मजूर दुहेरी खाडा म्हणत. हा खाडा म्हणजे शिस्तीच्या नावाखाली केलेली सरळ लूट होती असे आम्हास वाटते. कारण न केलेल्या कामाचा पगार न देणे समजू शकते, पण केलेल्या कामाचा पगार ठेवून घेणे कोणत्या हिशेबात बसते?

येथे लोखंड्यांची खरी कसोटी लागली. गिरण्यांवर कायदा असावा अशी मागणी इंग्लंडातील लँकेशायरचे कारखानदारही करीत होते. त्यांस हिंदी मजुराचा कळवळा आला होता असे नव्हे. हिंदुस्थानातील गिरण्यांचे स्वस्त कापड त्यांच्या मालास भारी पडू लागले होते. यास्तव ‘केसरी’सह बहुतेक देशी पत्रांनी कारखान्यांच्या कायद्यास विरोध केला. नवजात स्वदेशी धंद्याचा गळा दाबण्याचा हा परकीयांचा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य मुळीच नव्हते असे कोणी म्हणू नये. अशा वेळी गिरणीतील हाल छापणारा संपादक हा देशाच्या शत्रूंच्या हाती कोलीत देणारा ठरे. लोखंड्यांनी ती निंदा सोसली. एखादी गोष्ट शत्रूच्या उपयोगाची आहे एवढ्याने ती खोटी ठरत नाही, या भूमिकेवरून ते हलले नाहीत. या कामी त्यांस गिरणीमालकांच्याच पारशी समाजातील सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखा सोबती होता. त्यांनी १८७८ पासून अशा कायद्यासाठी खटपट चालविली होती.

१८८१ चा पहिला कायदा फारच दुबळा निघाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवू नये व सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याचे सार. प्रौढ स्त्रीपुरुषांविषयी त्यात अक्षर नव्हते. शंभराहून कमी मजुरांचे कारखाने त्यातून सुटले, आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणारेही सुटले. या शेवटच्या पळवाटेने सरकी काढणारे हंगामी जिनिंग कारखाने मोकळे राहिले. शेजारच्या खानदेशातील अशा कारखान्यांची हकीकत पुढे १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे आली, ती वाचून आजही अंगावर काटा येतो. हंगामात पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत काम. निकड असेल तर ओळीने कित्येक दिवस रात्रंदिवस. आणि कामावर बहुतांशी बाया.

याच कमिशनपुढे मजुरांची बाजू मांडण्यासाठी लोखंड्यांनी २३ व २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळ येथे गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावाने जो अर्ज झाला, त्यावर सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्या होत्या. मागण्या थोड्या व मोजक्या होत्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय. या संस्थेस वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियमावलीही नव्हती. विरोधकांनी याबद्दल तिची चेष्टा केली. पण ती संस्था म्हणजे एक संपादक व त्याच्यावर विश्वास ठेवणारे हजारो निरक्षर लोक, एवढीच होती, आणि तेवढ्याने काम भागले.

चरित्र लिहिताना नायकाच्या अंगची भीती झाकून ठेवणे आम्हास पसंत नाही. १८८३ साली फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापून लोखंड्यांनी पुढील मजकूर छापण्याचे थांबविले. सरकारवरील इतकी जळजळीत टीका आपल्या पत्रास झेपणार नाही, असे त्यांस वाटले असावे. गिरणीमालकांस न भ्यालेला हा मनुष्य सरकारास मात्र जपून असे. फुल्यांस याचा राग आला व तो त्यांनी लपविलाही नाही. पण दोघांचा संबंध तुटला नाही. १८८८ साली ज्या मुंबईकर मंडळींनी जोतीरावांचा सत्कार करून त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली, त्यांत लोखंडे होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. तीत दोन स्त्रीकामगारही बोलल्या. त्या काळी एवढ्या जमावापुढे बाईने उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हे. लागलीच जून महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. ख्रिस्ती वाचकांस रविवार हा उपासनेचा वार म्हणून परिचित आहे. मजुरांच्या बाजूने मात्र तो खंडोबाचा वार म्हणून मागितला गेला. लोखंड्यांनी साऱ्या देशास रविवार मिळवून दिला असे जे सरसकट सांगितले जाते, ते जपून घ्यावे. सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असत. लोखंड्यांनी तो गिरणीच्या मजुरास मिळवून दिला, आणि आमच्या मते हेच अधिक कठीण होते. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर त्यांस स्थानिक सहकारी म्हणून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की झाली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले आणि पन्नास मजुरांचे कारखानेही कायद्याखाली आले. 

विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हावी मंडळींनी मुंबईत केलेल्या चळवळीमागे तेच होते. १८९३ च्या हिंदु-मुसलमानांच्या दंग्यानंतर सलोख्यासाठीही ते झटले. पुढे सरकारने त्यांस रावबहादुर केले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस प्लेग उद्भवला तो मांडवी भागातच. मजूर हजारोंनी शहर सोडून पळू लागले. लोखंडे गेले नाहीत. रोग्यांसाठी त्यांनी इस्पितळ उघडविले, सेवेत राहिले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

परळच्या अर्जातील बाकीच्या मागण्या त्यांच्या पश्चात एकेक करून पदरात पडल्या. कापडगिरणीतील पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा १९११ साली आली. जखमी मजुरास भरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला. आणि पगार कोणत्या तारखेच्या आत दिलाच पाहिजे, हे कायद्याने ठरण्यास १९३६ साल उजाडावे लागले.