चिमणी, डास आणि सर रोनाल्ड रॉस

कोलकात्यात पन्नास वर्षे नांदलेल्या आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी, याच नगरीत हिवतापाचे कोडे सोडविणाऱ्या संशोधकाचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अलमोडा येथे झाला. ओढा काव्याकडे, परंतु सेनाधिकारी वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते वैद्यक शिकले व १८८१ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. हिवताप डासांमुळे पसरत असावा, ही कल्पना १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांच्या मनात रुजविली. पुढील दोन वर्षे रॉस रोग्यांचे रक्त प्यालेले डास चिरीत राहिले. हाती काहीच लागेना. कारण डासांची जातच चुकीची होती! अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस, ठिपकेदार पंखांच्या निराळ्या डासाच्या जठरभित्तीत त्यांना हिवतापाच्या जंतूंची वाढ दिसली.

१८९८ मध्ये ते कोलकात्यास आले. त्या वेळी प्लेगच्या लसीची धास्ती पसरल्याने बोटाला सुई टोचून घेण्यास रोगी धजेनात. तेव्हा रॉस पक्ष्यांकडे वळले. महंमद बक्ष या साहाय्यकाच्या मदतीने त्यांनी आजारी पक्ष्यांवर करड्या क्युलेक्स डासांना पोसले. जंतू जठरातून डासाच्या लालाग्रंथीत पोहोचतात, हे जुलैमध्ये उघड झाले. आणि तेच डास निरोगी चिमण्यांना चावताच त्याही आजारी पडल्या. माणसाच्या हिवतापास निरुपयोगी ठरलेला क्युलेक्स पक्ष्यांच्या हिवतापाचा मात्र वाहक निघाला. त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचा अॅनोफिलिसमधील प्रवास सिद्ध केला. श्रेयावरून उभयतांत कटू वाद झाला. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक लाभले. महंमद बक्ष मात्र बहुतेकांना अपरिचितच राहिले.

डास कोणाचे रक्त पितो, हा प्रश्न आजही जीवनमरणाचा आहे. आपल्या खेड्यांतील अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस मुख्यतः गुराढोरांवर पोसतो. तरीही प्रचंड संख्येमुळे तो माणसांत हिवताप पसरवितो. उलट, बगळे व डुकरे यांच्या रक्तातील जपानी मेंदूज्वराचा विषाणू क्युलेक्स डास माणसापर्यंत आणतो. म्हणून गोठा, डुकरांचे खुराडे व भातखाचर घरापासून किती दूर, हाही आरोग्याचाच विचार होय.

१६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस निवर्तले. प्रेसिडेन्सी जनरल इस्पितळाच्या भिंतीतील त्यांच्या स्मारकद्वारावरून जाताना, त्यांच्यासमवेत महंमद बक्ष आणि त्या मुक्या चिमण्यांचेही ऋण आम्ही कृतज्ञतेने स्मरतो.