अक्षरांचे सर : र. कृ. जोशी

खरं सांगायचं तर हा लेख मी आधी कागदावर लिहायला घेतला होता. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! दोन ओळींतच कंटाळले आणि डोंबिवलीच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करायला बसले. फॉन्टचं नाव होतं 'मंगल'. ही अक्षरं कोणी काढली असतील, असा विचार आला आणि शोधता शोधता एक माणूस सापडला. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

त्यांचा जन्म १९३६ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. पुढे 'उल्का' या जाहिरात कंपनीत ते अनेक वर्षं आर्ट डायरेक्टर होते. सोबत सुलेखन चालूच होतं आणि कविताही. त्यांच्या कवितेत शब्दांची मांडणी हेच चित्र असायचं. सगळ्या भारतीय भाषांसाठी त्यांनी 'देशनागरी' नावाची एकच लिपीही सुचवली होती.

१९८३ मध्ये जाहिरातीचं जग सोडून ते पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइन विभागात प्रोफेसर झाले. आपल्या ठाण्यापासून किती जवळ! इंजिनिअर लोकांच्या गावात अक्षरं काढणारा माणूस काय शिकवणार, असं आपल्याला वाटेल. पण अक्षरालाही गणित असतं. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमनच्या उलट तिरका असतो, म्हणून जाड-बारीक रेषाही उलट जागी येतात. इंग्रजी अक्षराची नक्कल करून मराठी अक्षर होत नाही. आधी हाताने लिहायचं, मग मशीनकडे जायचं, ही त्यांची वाट. अक्षरांबद्दल जाण यावी म्हणून त्यांनी 'अक्षराया' ही चळवळही चालवली.

१९९६ पर्यंत त्यांनी तिथे शिकवलं. नंतर ते जुहूच्या एनसीएसटीमध्ये फॉन्टचं काम करू लागले. हे काम सोपं नव्हतं. 'कि' लिहिताना वेलांटी टाइप होते नंतर, पण दिसायला हवी आधी. एकटा 'र' घ्या: अर्क, चक्र, ट्रक, सुऱ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा! त्यात शेकडो जोडाक्षरं. हे सगळं सांभाळणारा त्यांचा 'मंगल' विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना ते गेले. तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांची होते. आपण सर्किट, कोड शिकतो, पण ते कोणासाठी बनवायचं हे कोणी फारसं विचारत नाही. सरांनी मशीनला आपली लिपी शिकवली, म्हणून माझ्यासारखीलाही मराठीत लेख लिहिता आला.

लेख टाइप केला खरा, पण खालची सही मात्र पेनाने केली आहे. मराठीत. वाकडी आली, तरी चालेल!