तोफखान्यातली पट्टी

१९७४ साली अकरावीत असताना वडिलांनी मला त्यांची जुनी स्लाइड रूल दिली. पांढरी, कडेने पिवळी पडलेली. त्याच वर्षी वर्गातल्या एकाच्या काकांनी परदेशातून कॅल्क्युलेटर आणला. त्याचे लाल आकडे पाहायला आम्ही रांग लावली आणि माझी पट्टी दप्तराच्या तळाशी गेली. आता गणित शिकवताना ती पुन्हा बाहेर काढतो, कारण तिच्यामागे तुमच्याच वाटेवरचा एक तरुण आहे.

आमेदे मानहाइम यांचा जन्म १७ जुलै १८३१ रोजी पॅरिसमध्ये झाला. सतराव्या वर्षी ते एकोल पोलितेक्निकमध्ये दाखल झाले आणि १८५० मध्ये मेत्सच्या लष्करी शाळेत गेले. तिथे तोफखान्याचे आणि इंजिनिअर दलाचे अधिकारी तयार होत. शिकत असतानाच त्यांनी ही पट्टी नव्याने आखली. तेव्हा ते अवघ्या विशीच्या आसपास होते!

स्लाइड रूल मुळात त्यांची नव्हे. नेपिअरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम मांडले. पुढे ऑट्रेडने लॉगच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि गुणाकाराचे काम लांबीच्या बेरजेवर आले. पण दोनशे वर्षांत पट्ट्यांचे नाना प्रकार झाले होते. मानहाइमनी चारच मापे ठेवली. वरच्या दोनांवर १ ते १० हा पल्ला दोनदा, खालच्या दोनांवर एकदा. त्यावर सरकता कर्सर. ही कल्पनाही आधी सुचलेली होती, पण रुळली नव्हती. कर्सरची रेघ खाली ३ वर आणा, वर ९ दिसेल. वर्ग आणि वर्गमूळ असे एका नजरेत. फ्रेंच तोफखान्याने ही पट्टी स्वीकारली आणि पुढे ती जगभर गेली.

मानहाइम काही वर्षे छावण्यांत राहिले. १८६४ मध्ये एकोल पोलितेक्निकमध्येच भूमितीचे प्राध्यापक झाले. गणितातल्या कामासाठी १८७२ चे पाँसले पारितोषिक मिळाले. १८९० मध्ये ते कर्नल म्हणून सैन्यातून निवृत्त झाले, शिकवणे मात्र १९०१ पर्यंत चालू होते. ११ डिसेंबर १९०६ रोजी ते पॅरिसमध्ये वारले. मला त्यांची ही शिकवण्याची चिकाटी पट्टीहून मोठी वाटते, पण नाव राहिले ते पट्टीमुळे.

या पट्टीची एक खोड आहे. ती आकडे सांगते, दशांशचिन्ह सांगत नाही. ३, ८, ४ दिसले की ते ३.८४, ३८.४ की ३८४ हे आपणच ठरवायचे. अकरावीच्या चाचणीत मी ३८.४ च्या जागी ३८४ लिहिले आणि सगळे गुण गेले. मी वहीत गुण गमावले. तोफेजवळच्या अधिकाऱ्याचा गोळा कुठे पडला असता याचा विचार करा.

पट्टी या शनिवारी स्टाफरूमच्या टेबलावर ठेवतो. हाताळून पाहा. मात्र उत्तराचा अंदाज आधी कागदावर लिहा, मगच कर्सरला हात लावा.