जॉन गुडरिक आणि मायावतीचे कोडे

नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री उत्तरेकडे तोंड करून मान थोडी उंचावली, की ययाती हा तारकासमूह दिसतो. त्याच्या जवळच देवयानी आहे, शर्मिष्ठा आहे आणि शर्मिष्ठेचा पिता वृषपर्वाही आहे. महाभारतातील एका कथेतील सारी पात्रे आपल्याकडील आकाशनिरीक्षकांनी अशी एका ठिकाणी आणून बसवली आहेत. या ययातीत मायावती नावाचा एक तारा आहे. पाश्चात्त्य ज्योतिषी त्याला अल्गॉल म्हणतात. हे नाव अरबी भाषेतून आले असून राक्षसाचे मस्तक असा त्याचा अर्थ होतो. मायावती काय किंवा राक्षस काय, दोन्ही नावांत फसवेपणाची छटा आहे. आणि हा तारा फसवा आहे हे खरेच. एरवी तो चांगला ठळक दिसतो. पण एखाद्या रात्री पाहावे तर निस्तेज झालेला असतो आणि काही तासांनी पुन्हा पूर्ववत तळपू लागतो. हे नेमके किती वेळाने घडते आणि कशामुळे घडते, याचा शोध प्रथम घेतला तो अठरा वर्षांच्या एका मुलाने. त्याला ऐकू येत नव्हते.

जॉन गुडरिकचा जन्म १७ सप्टेंबर १७६४ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगेन या गावी झाला. गुडरिक घराणे मूळचे इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातले, जमीनजुमला बाळगून असलेले आणि मानाचे. आजोबांचे नावही जॉनच होते. ते ब्रिटनचे वकील म्हणून स्वीडनच्या दरबारी काम पाहत. वंशपरंपरेने चालत आलेला त्यांचा सरदारकीचा किताब पुढेमागे या नातवाकडेच यायचा होता. मात्र अगदी लहानपणी जॉनला कठीण आजार झाला आणि त्यात त्याची श्रवणशक्ती गेली.

त्या काळी बहिऱ्या मुलाला शिकवता येते, यावरच पुष्कळांचा विश्वास नव्हता. बोलणे ऐकू आले नाही म्हणजे भाषा नाही, आणि भाषा नाही म्हणजे बुद्धीही नाही, असा सरळ हिशेब मांडून अशा मुलांना घरात एका बाजूला बसवून ठेवले जाई. जॉनच्या आईवडिलांनी तसे केले नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरी टॉमस ब्रेडवुड नावाचे शिक्षक कर्णबधिर मुलांसाठी शाळा चालवीत होते. ब्रिटनमधील अशा प्रकारची ती पहिलीच शाळा. जॉनला तेथे पाठवण्यात आले. पुढे १७७८ साली तो वॉरिंग्टन येथील विद्यालयात दाखल झाला. ही शाळा कर्णबधिरांसाठी नव्हती; ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने बसून त्याला शिकायचे होते. तेथे त्याने गणितात चांगलीच गती दाखवली. १७८१ मध्ये शिक्षण आटोपून तो यॉर्क शहरी आईवडिलांकडे परतला. यॉर्कच्या प्रसिद्ध कॅथीड्रलच्या मागे ट्रेझरर्स हाउस नावाची जुनी वास्तू आहे. तिच्या एका भागात हे कुटुंब भाड्याने राहत होते.

यॉर्कला येणे हा जॉनच्या आयुष्यातला भाग्ययोग ठरला, कारण तेथेच त्याला एडवर्ड पिगट भेटला. एडवर्ड त्याच्याहून सुमारे अकरा वर्षांनी मोठा होता. त्याचे वडील नथॅनिएल पिगट हे नामांकित निरीक्षक होते आणि त्यांनी यॉर्कमध्ये स्वतःची वेधशाळा उभारली होती. तेथे उत्तम दुर्बिणी होत्या, घड्याळे होती, आणि मुख्य म्हणजे वेध घेण्याची शिस्त होती. बोलण्याऐवजी लिहून, खुणांनी, आकृत्या काढून म्हणा, दोघांचे सूत जमले. नोव्हेंबर १७८१ मध्ये जॉनने आपल्या निरीक्षणांची वही लिहायला प्रारंभ केला. तिच्यातील पहिलीच नोंद पिगटने दाखवलेल्या एका धूमकेतूविषयीची आहे.

ताऱ्यांचे तेज बदलते ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. तिमिंगल समूहातील मायरा हा तारा मधूनमधून नाहीसा होतो, हे १५९६ सालापासून ठाऊक होते. मायावतीचे तेज कमीजास्त होते, असे इटलीतील मोंतानारी या ज्योतिषाने जॉनच्या आधी शंभरएक वर्षे नोंदवून ठेवले होते. परंतु पुढे त्याचा पाठपुरावा कोणी केला नाही. पिगटने अशा संशयित ताऱ्यांची यादी केली होती आणि त्यांवर नजर ठेवण्याच्या कामात जॉनला सोबत घेतले होते.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री जॉनने मायावतीकडे पाहिले आणि तो चकित झाला. त्याच आठवड्यात दुसऱ्या प्रतीचा दिसलेला तारा त्या रात्री चौथ्या प्रतीच्या आसपास उतरला होता. हवेतील धुक्याचा हा परिणाम असेल, डोळ्यांची चूक असेल, अशी शंका त्याला आधी आली. एका रात्रीच्या वेधावर विसंबून चालणार नव्हते. त्यानंतर प्रत्येक निरभ्र रात्री तो मायावती पाहू लागला. इंग्लंडच्या हिवाळ्यात निरभ्र रात्री मोजक्याच. अखेर २८ डिसेंबरला तारा पुन्हा मंदावलेला सापडला आणि काही तासांतच तो पूर्ववत झालेला दोघा मित्रांनी पाहिला.

तेज मोजण्याचे कोणतेही उपकरण जॉनजवळ नव्हते. तसे उपकरण त्या काळी कोणाजवळच नव्हते. त्याचे साधन म्हणजे डोळे. मायावतीच्या आसपासचे, ज्यांचे तेज बदलत नाही असे तारे निवडायचे, त्यांचा उतरता क्रम लावायचा आणि प्रत्येक वेळी मायावती त्यांपैकी कोणापेक्षा अधिक तेजस्वी आहे व कोणापेक्षा कमी, हे वेळेसह टिपून ठेवायचे. सराफ कसोटीच्या दगडावर दोन कस शेजारी शेजारी उमटवून सोने पारखतो, तशीच ही पारख. एकट्या ताऱ्याचे तेज डोळ्याला सांगता येत नाही. पण दोन ताऱ्यांतील अधिकउणे मात्र डोळा बऱ्याच बारकाईने ओळखतो.

कालावधी काढण्याची रीतही अशीच साधी आणि अचूक होती. तारा नेमका कोणत्या क्षणी सर्वांत मंद झाला, हे डोळ्यांनी ठरवताना अर्ध्या तासाची चूक सहज होऊ शकते. परंतु काही महिन्यांच्या अंतराने टिपलेल्या अशा दोन क्षणांमध्ये चाळीस आवर्तने झाली असतील, तर ती अर्ध्या तासाची चूक चाळीस भागांत वाटली जाते आणि प्रत्येक आवर्तनामागे मिनिटभरही उरत नाही. वेध वाढत गेले तसा जॉनचा आकडा सुधारत गेला. शेवटी तो २ दिवस २० तास ४९ मिनिटांवर स्थिरावला. आजच्या मापनात आणि त्याच्या आकड्यात अवघ्या काही सेकंदांचा फरक आहे.

कालावधी एवढा नियमित आहे, हे कळल्यावर खरा प्रश्न उभा राहिला: असे का व्हावे? मायावतीभोवती एखादा मोठा, निस्तेज गोल फिरत असावा आणि तो मधे आला की आपल्याला ताऱ्याचे ग्रहण दिसत असावे, असा एक तर्क या मित्रांनी केला. ताऱ्याच्या पृष्ठावर काळे डाग असावेत आणि तो स्वतःभोवती फिरताना डागांची बाजू आपल्याकडे येत असावी, हा दुसरा. ग्रहणाची कल्पना पिगटच्या मनात आधी आली असावी असे मानले जाते. तरीही शोधनिबंध जॉनच्या एकट्याच्या नावाने गेला, आणि पिगटने त्याबद्दल कधी हक्क सांगितला नाही. विज्ञानाच्या इतिहासात श्रेयावरून झालेली भांडणे इतकी आहेत, की हे औदार्य उठून दिसते.

मे १७८३ मध्ये जॉनने आपला वृत्तांत केंब्रिजचे प्राध्यापक अँटनी शेपर्ड यांना पत्ररूपाने कळवला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीत तो वाचला गेला. त्याने खळबळ उडाली. युरेनसचा शोध लावून कीर्ती मिळवलेले विल्यम हर्शेल यांनीही मायावतीवर दुर्बीण रोखली. त्यांना तो एकच तारा दिसला. सोबती काही दिसला नाही. ग्रहणाच्या तर्काला त्यामुळे पाठबळ मिळाले नाही. तथापि वेधांच्या खरेपणाबद्दल कोणालाच शंका उरली नाही. त्याच वर्षी सोसायटीने आपले सर्वोच्च पारितोषिक, कॉप्ली पदक, जॉनला दिले. तेव्हा त्याचे वय एकोणीस वर्षांचे होते.

१७८४ साली वडील वारले. वहीतील नोंदी मात्र चालूच राहिल्या. १० सप्टेंबर १७८४ ची रात्र तर विलक्षणच म्हटली पाहिजे. त्या एकाच रात्री पिगटने गरुड समूहातील एका ताऱ्याचे आणि जॉनने स्वरमंडळातील, अभिजितच्या जवळच्या, एका ताऱ्याचे तेज बदलत असल्याचे ओळखले. स्वरमंडळातील या ताऱ्याचे आवर्तन जवळजवळ तेरा दिवसांचे भरले. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये जॉनला वृषपर्वा समूहातील डेल्टा हा तारा सापडला. त्याचे आवर्तन ५ दिवस आणि साडेआठ तासांच्या आसपासचे आहे. पण याची चाल मायावतीसारखी नव्हती. मायावती बहुतेक काळ एकसारखी प्रकाशते आणि डोळ्यांना जाणवेल अशा रीतीने केवळ सातएक तास मंदावते. हा तारा मात्र झपाट्याने उजळत होता, सावकाश मावळत होता आणि कधीच स्थिर राहत नव्हता. ग्रहण म्हणून हे समजावून सांगता येईना. त्यामुळे जॉनचा कल ताऱ्यांवरील डागांच्या तर्काकडे झुकू लागला. म्हणजे मायावतीच्या बाबतीत जो तर्क पुढे खरा ठरायचा होता, त्यावरचाच त्याचा विश्वास डळमळला. यात त्याची चूक नव्हती. दोन निरनिराळ्या कारणांनी होणारे बदल त्याच्यासमोर एकत्र आले होते, आणि ते वेगळे करण्याचे साधन अजून जन्माला यायचे होते.

६ एप्रिल १७८६ रोजी रॉयल सोसायटीने जॉनला आपला सदस्य म्हणून निवडले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० एप्रिलला, न्यूमोनियाने तो यॉर्क येथे मृत्यू पावला. रात्रीच्या गारठ्यात वेध घेण्याने हे दुखणे ओढवले असे म्हटले जाते. त्याचे वय २१ वर्षांचे होते. यॉर्कशरमधील हन्सिंगोर या खेड्यात, घराण्याच्या दफनभूमीत, त्याला पुरण्यात आले. पिगटने एकट्याने निरीक्षण पुढे चालू ठेवले आणि १७९५ साली आणखी दोन रूपविकारी तारे शोधून काढले.

ग्रहणाचा तर्क सिद्ध व्हायला शंभरावर वर्षे लागली. १८८९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम वेधशाळेत हर्मान फोगेल यांनी मायावतीच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. तारा आळीपाळीने आपल्याकडे येतो आणि दूर जातो, आणि ही ये-जा त्याच्या मंदावण्याच्या वेळांशी तंतोतंत जुळते, असे त्यांना आढळले. दुर्बिणीला वेगळा न दिसणारा सोबती तेथे खरोखरच होता. १९१० साली अमेरिकेतील जोएल स्टेबिन्स यांनी प्रकाश पडल्यावर ज्याची विद्युत्‌वाहकता बदलते अशा सेलेनियमच्या घटाने मायावतीचे तेज मोजले, तेव्हा दोन मोठ्या ग्रहणांच्या मध्ये एक अगदी पुसट ग्रहणही होत असल्याचे दिसून आले. याचा अर्थ सोबती अगदीच निस्तेज नव्हता. तोही मंद प्रकाशाचा ताराच होता. डेल्टाचे उत्तर वेगळे निघाले. तो तारा स्वतःच फुगतो आणि आक्रसतो. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये अशा ताऱ्यांचे आवर्तन आणि त्यांची खरी तेजस्विता यांतील नाते दाखवून दिले आणि दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याचा गजच ज्योतिषांच्या हाती आला. लेविट यांनाही ऐकू येत नव्हते, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे.

तेजाचे चढउतार घड्याळ लावून टिपण्याची ही रीत ताऱ्यांपुरती राहिली नाही. लघुग्रह ओबडधोबड असतात. ते स्वतःभोवती फिरताना कधी रुंद तर कधी अरुंद बाजू आपल्याकडे करतात आणि त्यांचे तेज त्या तालावर बदलते. इरॉस या लघुग्रहाचे असे बदल १९०१ मध्ये लक्षात आले. तो सव्वापाच तासांत एक गिरकी घेतो. काही लघुग्रहांना तर छोटे उपग्रह आहेत आणि तेथे मायावतीसारखीच ग्रहणे घडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये डिडिमॉस या लघुग्रहाच्या उपग्रहावर डार्ट हे यान मुद्दाम आदळवण्यात आले. त्या धडकेने उपग्रहाची प्रदक्षिणा सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली, हे पृथ्वीवरील दुर्बिणींनी कळले ते प्रकाशातील या घटींच्या वेळा मोजूनच.

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान फिरणाऱ्या ३११६ क्रमांकाच्या एका लघुग्रहाला गुडरिक हे नाव देण्यात आले आहे.