झोपेत थांबणारा श्वास आणि पेसमेकर : दोन्हींशी नाव जोडलं गेलेला डब्लिनचा डॉक्टर

खालापूर, खोपोली किंवा कर्जत, कुठल्याही घरात हार्ट फेल्युअरचा पेशंट असेल तर घरच्यांनी एक गोष्ट कदाचित पाहिली असेल. रात्री झोपेत श्वास मोठा मोठा होत जातो, मग लहान होत होत काही सेकंद पूर्ण थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. कुणी म्हणतं घोरणं आहे, कुणाला वाटतं आता काही खरं नाही.

डॉक्टर याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. यातल्या स्टोक्सची ही गोष्ट.

विल्यम स्टोक्स यांचा जन्म १८०४ सालचा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. वडील व्हिटली स्टोक्स नावाजलेले डॉक्टर. पोराचं मात्र अभ्यासात लक्ष नसायचं. असं सांगतात की, एकदा तो पुस्तक वाचता वाचता झोपी गेला आणि जाग आली ती चेहऱ्यावर पडलेल्या आईच्या अश्रूंनी. तिथून गडी बदलला.

१८२५ मध्ये एडिनबर्गला ते डॉक्टर झाले. तेव्हा स्टेथोस्कोप नवा होता. फ्रान्सच्या लाएनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेल्या या नळीची बरेच जुने डॉक्टर चेष्टा करायचे. स्टोक्स यांनी मात्र त्याच वर्षी, ऐन विशीत, तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

१८२६ मध्ये ते डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. लगेच टायफसची साथ आली आणि त्यांनाही आजार झाला, पण ते वाचले. सहकारी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्यासोबत त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून थेट पेशंटच्या खाटेजवळ नेलं. बघा, ऐका, मोजा आणि लिहून ठेवा, हीच त्यांची शिकवण.

याच सवयीतून दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली १८४६ ची. काही पेशंटची नाडी मिनिटाला ३० च्या आसपास असायची आणि ते अचानक बेशुद्ध पडायचे. दोष मेंदूत नसून हृदयात आहे, हे रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्येच सुचवलं होतं. स्टोक्स यांनी आणखी केसेस मांडून ते पक्कं केलं. म्हणून हे झाले स्टोक्स-अ‍ॅडम्स झटके. पुढे १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ज्यांना मिळाला, त्या आर्ने लार्सन यांना हेच झटके यायचे. ते २००१ पर्यंत जगले.

दुसरी गोष्ट श्वासाची. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये असा एक पेशंट नोंदवला होता. स्टोक्स यांनी १८५४ च्या हृदयरोगावरच्या ग्रंथात चेन यांचं नाव घेऊन या श्वासाचा संबंध कमजोर हृदयाशी जोडला.

असं का होतं? गीझरचा नळ आठवा. पाणी उशिरा गरम होतं म्हणून आपण नळ जास्त फिरवतो, मग चटका बसतो, मग उलटा फिरवतो. कमजोर हृदयामुळे फुप्फुसातलं रक्त मेंदूपर्यंत उशिरा पोहोचतं. त्यामुळे मेंदूचा हुकूमही कधी जास्त, कधी कमी पडतो.

स्टोक्स १८७८ मध्ये डब्लिनजवळच्या होथ इथे वारले. त्यांचा मुलगा व्हिटली तेव्हा भारतात व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य होता. खालापूरच्या जमिनींच्या खरेदीला आजही लागू असलेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच काळातला.

आता स्टोक्स खाटेजवळ बसून करायचे ते काम काही प्रमाणात मशीन करतं. हृदयाला बसवलेली काही डिव्हाइसेस छातीतून न जाणवणारा अतिसूक्ष्म करंट सोडतात. श्वास घेतला की हवेमुळे विरोध वाढतो, फुप्फुसात पाणी साचलं की घटतो. त्यावरून श्वासाचा वेग आणि साचणारं पाणी यांचा अंदाज येतो. उशाजवळचा ट्रान्समीटर ही माहिती हॉस्पिटलला पाठवतो. खालापूरहून तपासणीसाठी पनवेल किंवा मुंबई गाठणाऱ्यांना याचा मोठा आधार.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही माहिती चोवीस तास कुणी बघत बसलेलं नसतं, आणि वाडीत रेंज गेली तर ती उशिरा पोहोचते. दोन, श्वास थांबतो म्हणून मनाने मास्कचं मशीन आणू नका. कमजोर हृदयाच्या पेशंटमध्ये एका प्रकारच्या मशीनने मृत्यूचा धोका वाढल्याचं २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं.

झोपेतला श्वास असा तुटत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन दिवसांत वजन वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. अचानक खूप दम लागला किंवा पेशंट बेशुद्ध पडला, तर थेट १०८ ला फोन लावा.