जेम्स फिट्झजेम्स स्टीफन

सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन (३ मार्च, इ.स. १८२९ - ११ मार्च, इ.स. १८९४) हे इंग्लिश कायदेतज्ज्ञ, लेखक व न्यायाधीश होते. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ या कायद्याचे शिल्पकार म्हणून ते प्रामुख्याने ओळखले जातात. न्यायालयाने एखादी गोष्ट केव्हा गृहीत धरावी, केव्हा तिचा पुरावा मागावा आणि केव्हा तिच्याविरुद्ध पुरावा ऐकूच नये, याची सुस्पष्ट चौकट त्यांनी भारतीय कायद्यात घालून दिली.

== प्रारंभिक जीवन ==
स्टीफन यांचा जन्म लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील सर जेम्स स्टीफन हे ब्रिटिश वसाहत खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्याचा मसुदा त्यांनी तयार केला होता. समीक्षक लेस्ली स्टीफन हे फिट्झजेम्स यांचे धाकटे बंधू, तर कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ या पुतणी होत. ईटन, लंडनचे किंग्ज कॉलेज आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८५४ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली व पुढील वर्षी मेरी रिचेंडा कनिंगहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वकिलीच्या जोडीने त्यांनी नियतकालिकांत विपुल लेखन केले. इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचे विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

== भारतातील कारकीर्द ==
१८६९ मध्ये सर हेन्री मेन यांच्यानंतर स्टीफन यांची व्हाइसरॉयच्या मंडळावर विधी सदस्य म्हणून नियुक्ती झाली. जेमतेम अडीच वर्षांच्या काळात पुरावा अधिनियम, करार अधिनियम आणि सुधारित फौजदारी प्रक्रिया संहिता असे तीन मोठे कायदे संमत झाले. त्यापूर्वी भारतात पुराव्याचे नियम विखुरलेले होते. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांतील उच्च न्यायालयांत इंग्लिश नियम चालत, तर मुफसलातील न्यायालयांना निश्चित आधार नव्हता. आधीच्या विधी आयोगाचा मसुदा भारतातील परिस्थितीला अनुरूप नाही असे ठरल्याने स्टीफन यांनी नवा मसुदा रचला. १६७ कलमांचा हा कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला.

== गृहीतकांची मांडणी ==
या कायद्याच्या चौथ्या कलमात गृहीतकांचे तीन स्तर सांगितले आहेत. पहिल्या स्तरावर न्यायालय एखादी गोष्ट गृहीत धरू शकते किंवा तिचा पुरावा मागू शकते. दुसऱ्या स्तरावर ती गृहीत धरणे न्यायालयावर बंधनकारक असते, मात्र विरुद्ध पक्षाला ती खोडून काढण्याची संधी असते. तिसरा स्तर निर्णायक शाबितीचा. तेथे विरुद्ध पुरावा देण्यास मुभाच नसते.

व्यवहारात हे नियम अनेक ठिकाणी लागू पडतात. सात वर्षे ज्याची खबर त्याच्या आप्तांना मिळालेली नाही, तो जिवंत आहे हे शाबीत करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. वैध विवाह कायम असताना जन्मलेले मूल औरस मानले जाते; त्या काळात पतिपत्नींचा संपर्क शक्य नव्हता असे दाखवले तरच हा नियम लागू होत नाही. यामागे मुलावर कलंक लागू नये ही दृष्टी होती.

सर्वांत प्रसिद्ध ठरले ते ११४ वे कलम. चोरीनंतर लवकरच ज्याच्याजवळ चोरीचा माल सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो चोर असावा किंवा चोरीचा माल आहे हे जाणून त्याने तो घेतला असावा, असे न्यायालय मानू शकते. मात्र त्याच कलमात दुकानदाराचे उदाहरणही आहे. त्याच्या गल्ल्यात खूण केलेला चोरीचा रुपया सापडला आणि तो कोणाकडून आला हे त्याला सांगता आले नाही, तरी धंद्यात त्याच्याकडे सतत रुपये येत असतात हे न्यायालयाने ध्यानात घ्यावे, असे कायदा सांगतो. गृहीतक हे अनुभवातून काढलेले अनुमान आहे आणि परिस्थिती पाहून ते बाजूला ठेवता येते, हे तत्त्व या उदाहरणातून स्पष्ट होते.

== वादग्रस्त बाजू ==
स्टीफन यांच्या कारकिर्दीतील इतर कायदे मात्र या समतोलाशी विसंगत दिसतात. १८७० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम घातले गेले. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये मुंबईत शिक्षा झाली. त्यांच्याच कार्यकाळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा संमत झाला. एका कायद्याने प्रत्येक आरोपाला पुराव्याची कसोटी लावली, तर दुसऱ्याने संपूर्ण जमातींवर जन्मानेच संशयाचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

== इंग्लंडमधील उत्तरायुष्य ==
मायदेशी परतल्यावर स्टीफन यांनी जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक विचारांचे खंडन करणारा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तयार केलेली फौजदारी संहिता इंग्लंडच्या संसदेने स्वीकारली नाही; तथापि कॅनडाच्या १८९२ च्या संहितेवर तिचा मोठा प्रभाव पडला. १८७९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. फौजदारी कायद्याचा त्यांनी लिहिलेला त्रिखंडात्मक इतिहास १८८३ मध्ये प्रकाशित झाला.

१८८९ मध्ये लिव्हरपूल येथे फ्लोरेन्स मेब्रिक हिच्यावर पतीला आर्सेनिक देऊन मारल्याचा खटला त्यांच्यासमोर चालला. पतीला स्वतःच आर्सेनिक घेण्याची सवय होती, असा बचाव होता. तत्कालीन नियमानुसार आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नसे व फौजदारी अपील न्यायालयही अस्तित्वात नव्हते. ज्यूरीला उद्देशून स्टीफन यांनी केलेल्या समारोपावर प्रखर टीका झाली. आरोपीच्या नैतिक वर्तनाचा त्यात अवाजवी विचार झाला, असा आक्षेप होता. फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलण्यात आली व १९०४ मध्ये तिची सुटका झाली. प्रकृती खालावल्याने स्टीफन यांनी १८९१ मध्ये पदत्याग केला. तीन वर्षांनी इप्सविच येथे त्यांचे निधन झाले.

== वारसा ==
स्टीफन यांच्या चौकटीत पुढे भर पडत गेली. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. त्यानंतर देशभर उमटलेल्या संतापामुळे १९८३ मध्ये ११४-अ हे कलम जोडले गेले. पोलीस कोठडीतील बलात्कारासारख्या ठरावीक प्रकरणांत, शरीरसंबंध शाबीत झाल्यावर, आपली संमती नव्हती असे पीडितेने साक्षीत सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद त्यात झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने जुन्या कायद्याची जागा घेतली. परंतु गृहीतकांचे तीन स्तर आणि गल्ल्यातील रुपयाचे उदाहरण त्यातही कायम आहे.